गुरुजी, नाही म्हणता येतं का?

"गुरुजी, उद्या दोन मुलगे तुमच्यापुढे उभे राहिले आणि आमचं लग्न लावा म्हणाले, तर तुम्हाला नाही म्हणता येतं का? की केस होते?"

न्यू जर्सीत मी आठवडाभर एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतो आणि शनिवार-रविवारी पौरोहित्य करतो. पूजा आटोपली, हातात प्रसादाचा द्रोण आला की कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि आवाज खाली आणून हे विचारतं. पुण्याहून मावसभाऊ विचारतो तेव्हा त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं: "तुमच्याकडे भटजीला आत टाकतात म्हणे."

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाही म्हणता येतं. अगदी बिनदिक्कत. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती धर्माचरणाचं स्वातंत्र्य देते. पुरोहित, पाद्री, रब्बी, इमाम, कुणालाही सरकार अमुक लग्न लावच असं सांगू शकत नाही. घटस्फोटितांचं लग्न चर्चमध्ये लावायला कॅथलिक पाद्री कैक वर्षं नकार देत आले आहेत, त्यांना कुणी कोर्टात खेचलेलं नाही. तरीही बऱ्याच राज्यांनी हे कायद्यात वेगळं लिहून ठेवलं. न्यूयॉर्कने 2011 साली समलिंगी विवाह मान्य केला तेव्हा सिनेटमधली मतं 33 विरुद्ध 29 अशी काठावरची होती, आणि ती जमवताना धर्मसंस्थांना दिलेल्या सवलतींच्या शब्दाशब्दावर घासाघीस झाली. टेक्ससने 2015 मध्ये आणि फ्लोरिडाने 2016 मध्ये खास पाद्र्यांसाठी कायदे केले. माझ्या मते ही गळ्यात मंगळसूत्र असताना वर काळा दोरा बांधण्यातली गत, पण मतदारांना दोरा दिसतो.

मग आत कोण गेलं? मावसभावाच्या कानावर आलेली बातमी खरी आहे, फक्त माणूस चुकलाय. केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस. आपल्याकडे विवाह नोंदणी कार्यालयात खिडकीपलीकडे बसतात तसं ते पद, इथे मात्र निवडणुकीतून मिळणारं. 26 जून 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गफेल खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी सगळ्या राज्यांना समलिंगी विवाह खुला केला. डेव्हिसबाईंनी धर्माचं कारण देऊन लग्नाचं लायसन्स, म्हणजे लग्नाआधी लागणारा सरकारी परवाना, द्यायचंच बंद केलं, सगळ्यांनाच. कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल सप्टेंबरमध्ये त्यांना पाच दिवस कोठडी झाली. पुढच्या वर्षी केंटकीने फॉर्मवरून क्लार्कचं नावच काढून टाकलं.

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. मी होमापुढे बसतो तेव्हा नाही म्हणणं माझं असतं. खिडकीतला माणूस नाही म्हणतो तेव्हा ते सरकारचं नाही म्हणणं होतं. ही खिडकी कशी चालू ठेवायची, याचं उत्तर प्रत्येक राज्याने आपापल्या तऱ्हेने काढलं. युटामध्ये मॉर्मन लोकांचं प्राबल्य. त्यांनी 2015 मध्ये ठरवलं की एखाद्या कर्मचाऱ्याच्या श्रद्धेत बसत नसेल तर त्याने बाजूला व्हावं, पण लग्न लावून देणारा कुणीतरी कचेरीने उपलब्ध ठेवलाच पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनाने मॅजिस्ट्रेटना अंग काढून घेण्याची मुभा दिली, पण मग त्याने कुणाचंच लग्न लावायचं नाही. अलाबामाने तर कमाल केली. तिथे लायसन्स देणारे काही न्यायाधीश अडून बसले होते, तेव्हा 2019 पासून लायसन्सच रद्द! जोडप्याने फॉर्म भरायचा, नोटरीपुढे सही करायची, कचेरीने तो फक्त दाखल करून घ्यायचा. सरकारी समारंभाची गरजच उरली नाही. न रहेगा बांस, म्हणतात तसं.

पुजाऱ्याचं झालं, खिडकीचं झालं. अडतं ते हॉलपाशी. देवळाचे ट्रस्टी मला गाठतात ते यासाठीच. गाभाऱ्याबद्दल शंका नसते, पण खालचा हॉल मुंज, डोहाळजेवण, एखाद्याच्या पन्नाशीची पार्टी, अशा सगळ्याला भाड्याने जातो. त्याचं काय?

त्यांना मी आमच्याच राज्यातल्या ओशन ग्रोव्हची गोष्ट सांगतो. समुद्रकाठचं हे गाव मेथडिस्ट पंथाच्या एका संस्थेचं. बोर्डवॉकवर त्यांचा एक उघडा पॅव्हिलियन आहे, समुद्राचा वारा थेट आत येतो. तो ते लग्नांना भाड्याने देत. 2007 साली इथे सिव्हिल युनियनचा कायदा आला, म्हणजे हक्क लग्नाचे पण नाव वेगळं. तेव्हा दोन बायकांच्या जोडप्याने पॅव्हिलियन मागितला आणि संस्थेने नकार दिला. धर्मसंस्था आहे, जागा तिची, मग अडलं कुठे? अडलं करसवलतीत. ही जागा सर्वांना खुली राहील या अटीवर राज्याकडून कर माफ करून घेतलेला होता. पॅव्हिलियनची ती माफी गेली, आणि 2012 मध्ये न्यायाधीशांनी भेदभावविरोधी कायदा मोडल्याचं म्हटलं. दंड केला नाही. त्यांच्या प्रार्थनेला, प्रवचनाला कुणी हात लावला नाही. वाद त्या वाऱ्याच्या मांडवापुरताच होता.

2022 च्या डिसेंबरात बायडन यांनी सही केलेल्या केंद्रीय कायद्यात ना-नफा धर्मसंस्थांवर लग्नासाठी जागा वा सेवा देण्याची सक्ती नाही, असं स्पष्ट आहे. त्यामुळे आज ओशन ग्रोव्हचा निकाल तसाच लागेल असं नाही. ट्रस्टींना मी सांगतो, भाड्याचे नियम वकिलाकडून लिहून घ्या, माझ्याकडून नको. केकवाले, फोटोवाले हा आणखी वेगळा गुंता. समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या कोलोरॅडोच्या बेकरचा 2018 चा निकाल लोक सारखा तोंडावर मारतात, पण त्यात कोर्टाने मूळ प्रश्न सोडवलाच नाही. राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माला तुच्छ लेखलं एवढ्यावर तो सुटला. 2023 मध्ये वेबसाइट बनवणाऱ्या बाईंच्या खटल्यात मात्र सांगितलं की ज्या कामात माणसाची स्वतःची अभिव्यक्ती आहे ते करायला राज्य भाग पाडू शकत नाही. जिलेबी तळणं ही अभिव्यक्ती का, यावर आमचे केटरर भाऊ मनापासून वाद घालतात.

टेक्ससमधल्या डॅलसहून एका आईचा फोन आला होता, मुलीचं लग्न जर्सीत लावू का म्हणून. तिची भीती खुळी नव्हती. निम्म्याहून जास्त राज्यांच्या कायद्यात वा घटनेत जुनी बंदी अजून छापलेली आहे, टेक्ससच्याही. ओबर्गफेलमुळे ती झोपली आहे इतकंच. जून 2022 मध्ये गर्भपाताचा निकाल फिरला, तेव्हा न्यायमूर्ती थॉमस यांनी ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं, आणि त्या धास्तीतूनच डिसेंबरचा कायदा आला. उद्या निकाल उलटलाच तर टेक्सस नवं लायसन्स नाकारू शकेल, पण त्या कायद्यामुळे दुसऱ्या राज्यात रीतसर झालेलं लग्न त्याला मानावं लागेल. जिम ओबर्गफेल यांचं भांडण तरी कशाचं होतं? जोडीदार जॉन आर्थर एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला, ओहायोत लग्नाची सोय नाही. 2013 च्या जुलैत छोटं विमान घेऊन मेरीलँडला गेले, विमान धावपट्टीवर उभं असताना आतच लग्न लागलं, आणि परत आले. पुढे मृत्यूच्या दाखल्यावर 'विवाहित' आणि पतीच्या जागी आपलं नाव लिहिलं जावं, एवढंच मागणं.

अशा लग्नाचा इथला दाखला पुण्यात चालेल का, हेही विचारतात. नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, ते काम संसदेचं म्हणून सांगितलं.

आता माझं. 2012 च्या उन्हाळ्यात दोन मुलगे खरोखरच माझ्याकडे आले होते, एक नाशिकचा, एक इथलाच वाढलेला. मी म्हटलं, "आपल्या राज्यात कायद्यात बसत नाही रे." फेब्रुवारीतच गव्हर्नर क्रिस्टींनी विवाहाचं विधेयक नाकारलं होतं, तेही ऐकवलं. नाशिकचा म्हणाला, "काका, कागद नकोय. सप्तपदी हवीय." कायद्याने मला सप्तपदीपासून कुठे अडवलं होतं? चहा झाला, ते गेले. 21 ऑक्टोबर 2013 ला जर्सीत लग्नं सुरू झाली आणि माझी सबबही गेली. त्या दोघांना फोन करायला हवा होता. केला नाही.

2016 मध्ये एका मैत्रीतल्या घरून विचारणा झाली तेव्हा पोथी घेऊन बसलो. कन्यादान वगळलं, कन्याच नव्हती. अडेन असं वाटलं होतं सप्तपदीत. आश्वलायनाच्या पाठात सातव्या पावलाला नवरा बायकोला म्हणतो, "सखा सप्तपदी भव". सखी नाही, सखा. तीस वर्षं म्हणत आलो होतो, तो शब्द पुल्लिंगी आहे हे त्या दिवशी कानाला लागलं. दोघांनी ते एकमेकांना म्हटलं.

मग कानपिळी. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, इथे नवरी कोण? मुलाची आजी म्हणाली, "नवरे दोन आहेत ना, मग कान चार." एकाचा मामेभाऊ, दुसऱ्याची बहीण पुढे झाली. बहिणीने इतका जोरात पिळला की मुंडावळ्या सरकल्या, आणि पाकीट मिळेपर्यंत सोडला नाही.