किल्ल्याच्या पुलाला कठडा बसवताना

नाशिकच्या अंबडला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका थीम पार्कचं काम आलं. किल्ल्याचा दरवाजा, पुढे खंदक, त्यावर पूल, आणि पुलाच्या दोन्ही कडांना नुसत्या शोभेच्या साखळ्या. शेठ म्हणाले, "रेलिंग करा, पण किल्ल्याची शान जायला नको."

मी आधी विचारलं, पूल उचलला जातो का? कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये किल्ल्याचा पूल खरंच उचलता केलेला आहे. तो १९५५ साली उद्घाटनाला आणि मग १९८३ साली लोकांसमोर खाली सोडला होता. तसं असतं तर कठड्यालाही पुलाबरोबर हलावं लागलं असतं. इथे मात्र खाली आरसीसीचा स्लॅब, वर लाकडी फळ्या. म्हणजे कठडा पक्का ठोकता येणार होता. काम निम्मं सोपं झालं.

उरलेलं निम्मं गर्दीचं. साध्या गच्चीच्या कठड्याला आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या भाग २ प्रमाणे मीटरला ०.७५ किलोन्यूटन आडवा भार धरतात. जिथे माणसं दाटतात, करमणुकीच्या जागा, थिएटर, शाळा, तिथे २.२५. म्हणजे मीटरभर कठड्यावर साधारण २३० किलोचा रेटा. शेठना हा आकडा फार वाटला. मी त्यांना २००३ च्या कुंभमेळ्यातल्या सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीची आठवण करून दिली. नाशिकच्या माणसाला गर्दीचा रेटा काय असतो हे वेगळं समजवावं लागत नाही. आकडा मान्य झाला.

आता हा रेटा बसतो वर, हाताच्या उंचीला, आणि झेलायचा असतो तळाच्या बोल्टांनी. मीटरभर उंचीच्या खांबावर २३० किलो, आणि बेस प्लेटमध्ये, म्हणजे खांबाच्या तळाच्या पत्र्यात, बोल्टाला तरफेसाठी मिळतं दहा-बारा सेंटिमीटर. म्हणजे बोल्टांवर ओढ येते दोन टनांच्या आसपास. स्लॅबच्या कडेला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून आवळायचा बोल्ट, मारला असता तर बोल्ट शाबूत राहून काँक्रीटचाच टवका उडाला असता. म्हणून खांब स्लॅबवर उभे न करता कडेच्या बीमला बाहेरून लावले, बीममधून आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूला जाड प्लेट. स्ट्रक्चरल इंजिनिअरांची सही घेतल्याशिवाय ड्रिल लावलं नाही.

शेठना आडव्या साखळ्या हव्या होत्या. त्याला मी ठाम नकार दिला. आडवं काही दिसलं की पोर त्यावर पाय देऊन चढतंच. उभे गज, आणि दोन गजांमध्ये शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. लहान मुलाचं डोकं त्यातून जाता कामा नये. गजांची टोकं भाल्यासारखी हवीत असंही सुचवलं गेलं. ती मी गोल केली. साखळ्या कठड्याच्या बाहेरून टांगल्या. दुरून पाहिलं तर किल्ला तसाच दिसतो, आणि हे मला मनापासून आवडलं.

खंदकात पाणी असल्यामुळे रंगावर भागणार नव्हतं, हॉट डिप गॅल्व्हनायझिंगच हवं, म्हणजे अख्खा कठडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा. त्यासाठी वेल्डिंग आधी पूर्ण करावं लागतं, आणि प्रत्येक पोकळ पाइपला भोकं पाडावी लागतात. वितळलेलं जस्त साडेचारशे अंशांच्या आसपास असतं. बंद पाइपात ओलावा अडकला तर त्याची वाफ होऊन पाइप फुटतो आणि टाकीजवळच्या माणसाच्या अंगावर जस्त उडतं. भोकं टॉप रेलच्या खालच्या अंगाला, वेल्डच्या अगदी लगत घेतली, म्हणजे वरून पाणी शिरत नाही. माझ्या पोरांनी बॅटरी लावून एकेक भोक तपासलं, तेव्हाच टेम्पो हलला.

बसवून झाल्यावर चाचणी. दोन्ही कठड्यांच्या मध्ये, खांबासमोर खांब धरून, मजबूत वासा आडवा घातला, एका टोकाला गेज लावलेला हायड्रॉलिक जॅक, आणि बाहेरच्या दिशेने रेटलं. काटा ठरल्या भारापर्यंत नेला, थोडा वेळ तसाच धरला. खांब किंचित वाकले, जॅक सोडताच जागेवर आले. बीमला चीर नाही. शेठ स्वतः शेजारी उभे होते.

बोल्ट दर पावसाळ्यानंतर टॉर्क रेंचने (किती आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासायचे, हे मी बिलावरच लिहून दिलंय. आता रांगेच्या जागेचे बॅरिकेडही याच हिशोबाने करायचे ठरलेत. त्याची मापं घेऊन झाली आहेत.