आडनाव न विचारणारी कपाटं

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पार्क स्लोप भागात, १४व्या रस्त्यावर, एक तीन मजली घर आहे. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखंच दिसतं. आत मात्र खालपासून वरपर्यंत पुस्तकं, पत्रांची खोकी, कॅसेट, बिल्ले, मोर्चात घातलेले टी-शर्ट. हे 'लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्ज', बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांच्या इतिहासाचा संग्रह. 'हिस्टरी'तला 'हिज' काढून तिथे 'हर' बसवलाय, म्हणून हर्स्टोरी.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला कवयित्री ऑड्री लॉर्डची पुस्तकं हवी होती. सवयीने आडनावाच्या अक्षराखाली शोधत बसले. मग तिथल्या एका बाईंनी सांगितलं, "इथे पहिल्या नावाने लावतो, 'ऑड्री' बघ." आडनाव बापाकडून येतं नाहीतर नवऱ्याकडून, म्हणून ते बाजूला ठेवलंय. मी त्या कपाटापुढे बराच वेळ उभी राहिले. जन्मभर प्रत्येक अर्जावर बाईला आधी हेच विचारतात, कुणाची मुलगी, कुणाची बायको. इथे एक अख्खं घर ते विचारत नाही.

सुरुवात १९७४ची. जोन नेसल, डेबरा एडेल आणि त्यांच्या मैत्रिणींच्या लक्षात आलं होतं, की आपल्यासारख्या बायका गेल्या की त्यांच्या मागे काही उरत नाही. घरचे लोक लाजेपोटी पत्रं फाडतात, वह्या कचऱ्यात जातात. म्हणून जोनच्या मॅनहॅटनमधल्या राहत्या घरात हा संग्रह सुरू झाला आणि वाढत वाढत त्याने ते घर व्यापून टाकलं. बायका यायच्या, तिथेच बसून वाचायच्या. पुढे ठिकठिकाणच्या बायकांच्या छोट्या-मोठ्या देणग्यांतून ब्रुकलिनची ही इमारत घेतली. १९९३मध्ये ती उघडली आणि तीनच वर्षांत कर्जही फिटलं. हा संग्रह कधी विकायचा नाही, विद्यापीठाच्या आवारात न्यायचा नाही, बायकांच्या वस्तीतच ठेवायचा, हे पहिल्यापासूनचं तत्त्व. इथे यायला पदवी लागत नाही, कुणाचं शिफारसपत्रही लागत नाही. २०२२मध्ये न्यूयॉर्क शहराने या इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मेबल हॅम्प्टन. जन्म १९०२चा, कृष्णवर्णीय, तरुणपणी हार्लेममध्ये नाचणारी, पुढे लोकांच्या घरी कामं करणारी. लिलियन फॉस्टरबरोबर तिने ४० वर्षांहून अधिक काळ संसार केला. संसारच म्हणायचं त्याला. जोनने तिच्याशी मारलेल्या गप्पा टेपवर आहेत. मेबलने जमवलेली स्वस्तातली लेस्बियन कादंबऱ्यांची पुस्तकंही तिने संग्रहाला देऊन टाकली. मोठ्या ग्रंथालयांनी असली पुस्तकं दारातही उभी केली नसती. पण एका बाईने ती विकत घेतली, वाचली, जपून ठेवली, हाच तर इतिहास आहे!

आता मी महिन्यातून दोनदा तिथे कामाला जाते. पगार कुणालाच नाही, सगळं स्वयंसेवकांवर चालतं. परवा पत्रांचा एक गठ्ठा समोर आला. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या. त्या ओढायच्या नाहीत, नाहीतर कागद फाटतो. खाली पातळ प्लास्टिक सरकवून अलगद उचलायच्या. मग पत्र आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवायचं आणि तारीख पेन्सिलीने लिहायची, पेनने कधीच नाही. पत्रांखाली सही म्हणून फक्त एक अक्षर होतं. चुकून पत्र कुणाच्या हाती पडलं तर ओळखू येऊ नये म्हणून. मजकूर मी इथे सांगणार नाही, तो माझा नाही. पण एका पत्राची घडी इतक्यांदा उघडून मिटली होती, की दुमडीवरची ओळ पुसूनच गेली होती.

त्या रात्री घरी येऊन मी माझी बॅग काढली. माझ्या जोडीदारणीने मला पहिल्या वर्षी लिहिलेली पत्रं त्यात आहेत, सगळी मराठीत. दोघींनी बसून ठरवलं आणि पुढच्या वेळी मी तिथे विचारलं, इथे कुणाला वाचता येणार नाहीत, तरी चालतील का? "भाषेचं काय," त्या बाई म्हणाल्या, "वाचणारी येईल."

फोल्डरवर पेन्सिलीने आमची नावं घातली. नुसती नावं.