टाट्राला जाताय? मग खाली स्पिशपण बघा

स्लोव्हाकियात टाट्रा पर्वतासाठी येणारे बरेचजण पोप्राद स्टेशनला उतरतात आणि सरळ डोंगर गाठतात. माझं कळकळीचं सांगणं, दोन दिवस तरी खालच्या स्पिशला द्या. हा जुना हंगेरीचा जिल्हा, हंगेरियन नाव सेपेश, १९२० च्या ट्रायानॉन तहाने गेला तो बहुतेक सगळा चेकोस्लोव्हाकियाकडे आणि उत्तरेची थोडी गावं पोलंडकडे. कार्पेथियन पर्वतरांगेतलं सगळ्यात उंच शिखर गेरलाख (२६५५ मीटर) याच जिल्ह्यातलं, आणि इथली पोप्राद नदी उत्तरेला बाल्टिककडे जाते तर होर्नाद दक्षिणेला, तिचं पाणी शेवटी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला मिळतं, म्हणजे एकाच जिल्ह्यातून दोन समुद्रांना पाणी!

मुक्काम लेवोचाला करा, पोप्रादला नको. जिल्ह्याची कचेरी इथेच होती, ती इमारत चौकात अजून दिमाखात उभी आहे. सेंट जेम्स चर्चमधली शिल्पकार मास्टर पावोलची लाकडी वेदी (१५०८ ते १५१७) साडेअठरा मीटरपेक्षा उंच आहे, मान दुखेपर्यंत बघत बसलो तरी मन भरत नाही. आत ठरलेल्या वेळेलाच सोडतात, म्हणून गावात पोचल्या पोचल्या तिकिटाचं बघा.

तिथून १५ किमीवर स्पिशचा किल्ला, बस मिळते. पसारा जवळपास चार हेक्टर, १७८० च्या आगीनंतर ओसाडच. वर सावली अजिबात नाही, पाणी आणि टोपी हवीच. तटावरून खालचं पोधराद्ये गाव दिसतं ना, त्याची गंमत ऐका. १४१२ मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंडला व्हेनिसशी लढायला पैसा हवा होता, त्याने स्पिशमधली १६ गावं पोलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती थेट १७७२ च्या सुमाराला परत आली, कर्ज कधी फेडलंच नाही! त्यात हे पोधराद्येपण होतं, म्हणजे किल्ला हंगेरीचा आणि पायथ्याचं गाव पोलंडकडे, साडेतीनशे वर्षं. मला तर हे कळल्यावर तो किल्ला वेगळाच दिसायला लागला.

गावं वसवणारे बरेचसे जर्मन, १२४१ च्या मंगोल स्वारीनंतर हंगेरीच्या राजाने आणखी बोलावलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जवळपास सगळे गेले, पण त्यांच्या काळातलं केझमारोक गावचं १७१७ चं लाकडी प्रोटेस्टंट चर्च आहे, ते चुकवू नका. हिवाळ्यात किल्ला बंद असू शकतो, मे ते सप्टेंबर बरा. जुने नकाशे वापरणार असाल तर लेवोचा हे लोचे (हंगेरियन नाव) किंवा लॉयचाऊ (जर्मन नाव) म्हणून शोधा.