मामाची १०० सीसी: ११ वर्षांनी चालू झाली, आणि ती उभी का केली होती तेही सापडलं

आज गाडी सलग २५ मिनिटं स्लोवर (रेस न देता) चालू राहिली, चोक (थंड इंजिनला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून हवा अडवणारी झडप) न लावता, म्हणून लगेच लिहायला बसलोय, हाताचं ऑइल पण नीट निघालेलं नाही अजून.

गाडी म्हणजे मामाची १०० सीसी फोर-स्ट्रोक मोटारसायकल, पॉइंटवाली (उघडमीट होऊन ठिणगी वेळेवर पाडणारे धातूचे संपर्क असलेली), ११ वर्षं एका जागी उभी. आणली तेव्हा किक अर्ध्यावर येऊन अडकत होती. अशा वेळी जोर लावावासा वाटतो पण अजिबात लावू नका, रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असल्या तर रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला चरे पडतात. मी प्लग काढून भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून थोडंसं ओतलं, ४ दिवस हातच लावला नाही, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानेच पुढे-मागे हलवत बसलो, आधी बोटभर हललं, मग दोन बोटं, आणि पाचव्या दिवशी आख्खा फेरा. त्यानंतर प्लग न लावताच भरपूर किका मारल्या म्हणजे आतलं ऑइल बाहेर पडतं (भोकावर फडकं धरा, जोरात उडतं) आणि खालचं इंजिन ऑइल पण बदललं, कारण ते डिझेल रिंगांमधून खाली झिरपतंच.

मग करंट. प्लग हेडला टेकवून किक मारली तर काहीच नाही. मॅग्नेटचं कव्हर उघडलं, पॉइंटवर पांढुरकी बुरशी आल्यासारखं झालेलं. बारीक पॉलिश पेपर, मग कोरा कागद फिरवून साफ केले, गॅप फिलर गेजने ०.३५ मिमी ठेवला आणि पहिल्याच किकला निळी ठिणगी. कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करते ती) बदलायची गरज पडली नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतंय.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कार्ब्युरेटरने. बाउल (खालची पेट्रोल साठायची वाटी) उघडला तर तळाला पिवळसर डिंकासारखा थर, पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरतो तो. मेन जेट सहज साफ झाला, गाडी सुरू पण झाली, पण चोक काढला की मरायची. चोकवरच चालते म्हणजे तिला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी जादा हवा आत जातेय. आधी हवेची खात्री केली, चालू गाडीच्या मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या नळीच्या) रबरावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून बघितला, रेस बदलली नाही, म्हणजे रबर शाबूत. मग राहिला पायलट जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणारा. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही लहान, उजेडाकडे धरलं तर आरपार काहीच दिसेना. लवचिक वायरीतली तांब्याची एक तार घेऊन साफ केलं, तांबं मऊ असतं म्हणून पितळेच्या जेटला इजा होत नाही, सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं तर जेट गेलाच. तरी गाडी तशीच! कारण जेटच्या पुढची वाट पण बुजलेली होती. मिक्श्चर स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढला (काढायच्या आधी हलकेच आतपर्यंत बसवून फेरे मोजा, माझे दीड आले) आणि त्या भोकातून फवारा मारला, बाकीची भोकं बोटाने बंद करत करत, तेव्हा कुठे थ्रॉटलजवळच्या बारीक छिद्रातून पिचकारी उडाली. डोळ्यांना चष्मा लावूनच करा हे. त्यानंतर चोक आत ढकलला आणि इंजिन चालतच राहिलं, तो आवाज ऐकून मी नुसता उभा होतो.

हे सगळं मी वर टांगलेल्या बाटलीवर चालवून बघत होतो, कारण टाकी गंज काढायला वेगळी ठेवली होती. १ लिटर गरम पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, कॉक (पेट्रोलची तोटी) काढून भोक रबरी बुचाने बंद, तोंडावर प्लास्टिक, आणि एक रात्र तसंच. सकाळी ओतून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच सुकवून आत ऑइल फिरवलं, थोडा जरी उशीर केला तरी डोळ्यांदेखत परत लालसर व्हायला लागते. झाकण मात्र या सगळ्या काळात फळीवर नुसतं पडून होतं.

टाकी चढवली, आणि १० मिनिटांनी गाडी बंद. थोडं थांबलं की परत चालू, परत १० मिनिटांनी बंद. मामाला फोन केला तर म्हणाला, "अरे तेव्हाही असंच व्हायचं! गरम झाली की बंद पडायची, कंटाळून ठेवून दिली." गरम झाल्यावर बंद म्हटलं की सगळे कॉइलवर जातात, माझ्याही डोक्यात तेच आलं. म्हणून बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघितला, ठिणगी एकदम निळी. मग बाउलचा ड्रेन स्क्रू सैल केला, चार थेंब आले आणि थांबले. टाकी अर्धी भरलेली! झाकण उघडलं तर हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि खाली धार सुरू. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं होतं, पेट्रोल खाली जाईल तसा टाकीत आत दाब कमी होत जातो आणि मग ते उतरतच नाही, थांबलं की हळूहळू हवा शिरते आणि परत सगळं ठीक वाटतं. बाटली वरून उघडी होती, त्यामुळे तेव्हा हे कळायचा प्रश्नच नव्हता. झाकण खोलून आतला गंज आणि पॉलिशचा घट्ट झालेला मळ काढला, तोंडाने फुंकून बघितलं, आणि मग ती २५ मिनिटं.

मामाला सांगितलं तर जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "यापायी मी दोन कॉइल बदलल्या रे."

उभी गाडी घेताय तर ती शेवटची का ठेवली होती हे मालकाला पहिल्याच दिवशी विचारा, मी महिन्याने विचारलं. उभं राहून झालेली खराबी वेगळी आणि उभी करायला लावणारा दोष वेगळा असू शकतो, इथे तसंच निघालं.

आता टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर बघायचेत, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळतायत, ब्रेक शू उघडायचेत. टायर दिसायला चांगले आहेत पण कडेचा चार आकडी कोड २३०८ आहे, म्हणजे २००८ चा २३ वा आठवडा, त्यामुळे ते बदलल्याशिवाय रस्त्यावर काढणार नाही.