वीसात तीन

रविवार, रात्री. मखमलाबाद, नाशिक.

"तीन वर्षं समुद्राकाठी शिकून आंब्याची कलमं वीसात तीनच जगली?" अण्णा एवढंच म्हणाले, चहा संपवला आणि गेले. मी अजून तिथंच अडकलोय.

त्याआधीचं नेहमीचंच. "दापोलीला असतोस ना?" नाही, मुळद्याला. "ते कुठं?" कुडाळजवळ. "मग दापोली?" कृषी विद्यापीठ दापोलीचं, १९७२ पासूनचं, पण सगळं एका आवारात नाही. भात कर्जतला, नारळ भाट्याला, मासे शिरगावला, आंबा-काजू वेंगुर्ल्याला. जिथं पीक तिथं ठाणं. दापोली आणि मुळद्याच्या मध्ये जवळजवळ आख्खा रत्नागिरी जिल्हा पडतो, हे सांगेपर्यंत अण्णांनी दुसरं बिस्किट उचललेलं असतं.

मूळ दुखणं ते नाही. दुखणं वीसात तीन.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोय कलमं केली होती. कोयी आईने जूनमध्येच वाळूच्या वाफ्यात लावलेल्या; कोय काढल्यावर महिनाभर ठेवली तर रुजायची आशा सोडावी. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस, तेव्हाच कलम करायचं. कोयीच्या वर सहा-सात सेंटिमीटरवर शेंडा छाटायचा, मधोमध तीन-चार सेंटिमीटरची चीर. काडी रत्नाची. नीलम आणि हापूसचा हा संकर वेंगुर्ल्यातच झालेला, १९८१ साली, म्हणून तो घरी आणायची हौस. काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटायची, देठ ठेवायचे. बोट लावल्यावर देठ गळला की काडी तयार. दोन्ही बाजूंनी पाचर तासायची, चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची आणि वरून पेप्सीकोल्याची रिकामी पिशवी टोपीसारखी घालायची. आत दमट राहिलं की दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात.

मुळद्याला हेच केलं तर वीसातली सोळा जगली होती. माळीकाका फक्त एकच धोशा लावायचे, "सांध्यात पाणी जावक नको." तिथं पावसाळ्यात हवाच ओली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथं सातशेच्या आसपास, आणि दोन सरींच्या मध्ये वारा सुटला की दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात. कपड्यांचं ठीक आहे.

गणपतीच्या सुट्टीला आलो तर एकाही कलमावर टोपी नाही. "कोंडत होतं रे त्यांना. आत सगळं घामेजलेलं." आई. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही.

अण्णा गेल्यावर बॅटरी घेऊन बसलो आणि मेलेली सतरा एकेक सोडून बघितली. चार सांध्याशी काळी: पाणी शिरलं, बुरशी. दोन सांधलीच नव्हती, पाचर आणि चिरेत फट, म्हणजे पट्टी सैल. खालून रोपाचं स्वतःचं फूट मात्र जोरात. उरलेली अकरा वरून वाळलेली. त्यातल्या सात काड्यांना कोवळी पानं आलेली दिसतात, मग ती करपली. ती टोपी काढल्यामुळे. चार काड्यांचा डोळाच हलला नव्हता. त्या आधीच सुकल्या असणार, माझ्या पिशवीत. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीहून थेट नाशिकरोडला सोडते खरी, पण कुडाळहून रत्नागिरी गाठायची, त्यात पावसाळी वेळापत्रक, गाड्या सावकाश. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या होत्या. ते गोणपाट वाटेत पुन्हा भिजवायला हवं होतं.

हिशोब: दहा माझी, सात आईची. पाचेक मिनिटं बरं वाटलं.

मग आठवलं, टोपी का घालतात हे मी तिला सांगितलंच नव्हतं. परतायची घाई होती, "पाणी घाल रोज" एवढंच म्हणून निघालो होतो. म्हणजे सतराच्या सतरा माझी. आता अण्णांना काय सांगणार? तिकडे जे हवाच करून टाकते, ते मी माझ्या हातगुणात धरलं होतं, असं? त्यांना दुसरा चहा लागेल.

बाबा या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. पलीकडच्या प्लॉटमध्ये डॉगरिजची, म्हणजे द्राक्षाच्या खुंटाची, रोपं उभी आहेत, आता काही दिवसांत कलमवाले येतील. तीच पाचर, तीच पट्टी, फक्त द्राक्षाची. खाली परक्या मुलखाचं मूळ, वर आपली काडी... एक उपमा सुचत होती, खोडली. बाबा तेवढं म्हणाले, कलमवाल्यांच्या हाताखाली दोन दिवस बस. बसेन. सुट्टी वाढवावी लागेल.

जगलेल्या तिघांची पानं आता गर्द हिरवी झालीत. पट्टी अजून पंधरा दिवसांनी काढायची, नाहीतर खोडात रुतते. तेव्हा मी नसेन, म्हणून आईला दाखवलं: ब्लेडने उभी चीर, खेचायची नाही, खालून फूट आलं तर नखाने खुडायचं.

"आणि टोपी?"

"टोपी आता नको. पानं जून झाली की काढायचीच असते."

"मग मी वेगळं काय केलं?"