चित्ता सांगितला, निघाला बिबट्या

आठ दिवस खपून विणलेलं खेळणं गिऱ्हाइकाने हातातसुद्धा न घेता परत केलं. गिऱ्हाईक वय वर्षे सहा.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या पुढच्या खोलीत माझं विणकाम चालतं. ससे, हत्ती, अस्वलं, सगळं दोन सुयांवरचं. क्रोशाची खेळणी हल्ली जिथे तिथे दिसतात, पण माझा हात सुयांवर बसलाय तो बसलाय. मागच्या गल्लीतल्या आजींनी नातवाच्या वाढदिवसासाठी चित्ता सांगितला. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे आठ चित्ते आधी ग्वाल्हेरला उतरले आणि मग हेलिकॉप्टरने कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात गेले. तेव्हापासून इथल्या पोरांना चित्ता म्हणजे आपल्याच घरचा पाहुणा वाटतो.

आमच्याकडे अंगावर ठिपके असलेलं काहीही चित्ताच. फोनवर एक फोटो शोधला आणि बसले विणायला. चार प्लायच्या लोकरीला एरवी दहा नंबरच्या सुया चालतात, खेळण्याला मात्र मी बारा नंबरच्या बारीक सुया घेते. वीण सैल पडली की आतला फायबर टाक्यांतून पांढरा डोकावतो आणि प्राणी दोन महिन्यांत म्हातारा दिसायला लागतो. पिवळ्या अंगावर काळी कडी काढली, मागचे धागे लोंबू नयेत म्हणून ते दर तीन टाक्यांनी अडकवले. कडी इतकी सुबक जमली होती की मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

"मावशी, हा बिबट्या आहे," पोरगा म्हणाला. "चित्त्याचे ठिपके भरलेले असतात. आणि तो रडतो."

"रडतो म्हणजे?"

त्याने स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत बोट ओढलं. "काळं काळं."

आजी ओशाळल्या. "अहो, राहू द्या, त्याला काय कळतंय!" पण त्यालाच तर कळत होतं. रात्री फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पोरगा शंभर टक्के बरोबर. चित्ते आणणाऱ्या विमानाच्या नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं, तिथे माझी काय कथा, अशी समजूत घालून घेतली. फार उपयोग झाला नाही.

अंग उसवायची गरज पडली नाही. विणलेला टाका व्हीसारखा दिसतो. सुईत काळी लोकर ओवून त्याच वाटेने, टाक्यावर टाका भरत गेलं की मधला पिवळा रंग झाकला जातो. एकेक कडं बुजवताना जिवावर येत होतं, इतकी सुबक होती ती! शेपटीच्या टोकाशी काळे पट्टे भरले. खरा घोळ डोक्याचा. बिबट्याचं डोकं दणकट, चित्त्याचं लहान, गोल. मानेची शिवण उसवून ते काढून ठेवलं आणि 56 ऐवजी 44 टाक्यांवर नवं घातलं. डोळे भरतकामाचेच केले. घरात त्याची रांगती बहीण आहे, मणी लावला तर आधी तिच्या तोंडात जाईल. अश्रूंच्या रेघा देठटाक्याने ओढल्या. पहिल्या खेपेला त्या गालावर पसरल्या आणि चित्ता थेट मिशीवाला ठाणेदार दिसायला लागला. उसवून नाकाच्या कडेने पुन्हा ओढल्या.

चौथ्या दिवशी परीक्षक आले. आधी रेघा पाहिल्या, मग शेपटी, मग पाठीवरचे ठिपके. "हां, आता आहे," म्हणून चित्ता काखेत मारला. तेवढ्यात टोपलीत पडलेलं जुनं डोकं त्याला दिसलं.

"याचं अंग कुठंय?"

"नाहीये."

"मग विणा ना."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि बटवा पुन्हा उघडला. पिवळी लोकर संपली होती, संध्याकाळी बाड्यावरच्या बाजारात जावं लागलं.