सायकलचा पट्टा चौकाआधी का संपतो?

आमच्या रस्त्याच्या नव्या आराखड्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खूश झाले होते. रुंद फूटपाथ, रांगेत झाडं, हिरवागार सायकल ट्रॅक आणि त्यावरून हसत चाललेली एक हेल्मेटवाली बाई. अकरा वर्षं याच रस्त्यावरून मी सायकलने कामाला जाते. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कुणी रंगाचा डबाही उघडला नव्हता, त्यामुळे ती चित्रातली बाई मला मीच वाटली.

एक मैत्रीण आहे, तिचं सगळं आयुष्य बांधकामाचे नकाशे वाचण्यात गेलंय. तिने चित्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "प्लॅन कुठाय? वरून काढलेला, मापांचा? काम त्यावरून होतं. हे नुसतं दाखवायला असतं."

प्लॅन मिळायला तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा संबंधित साहेब रजेवर, दुसऱ्यांदा अर्ज चुकीच्या टेबलावर. तिसऱ्या खेपेला एका तरुण अभियंत्याने स्वतःच प्रत काढून दिली आणि हळूच म्हणाला, "हरकतींची मुदत वीस दिवसच आहे, मॅडम." हा माणूस पुढे खूप उपयोगी पडला. अशा कामात आपल्यासमोरचा प्रत्येक सरकारी माणूस विरोधी पक्षात असतो असं समजून गेलं की निम्मी लढाई तिथेच हरतो.

प्लॅन १:५०० चा होता. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. घरी जमिनीवर तो पसरून पट्टी घेऊन बसले. तासाभरात एक गोष्ट लक्षात आली आणि मग दुसरं काही दिसेचना. हिरवा पट्टा प्रत्येक चौकाच्या साधारण तीस मीटर आधी संपत होता आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा तेवढ्याच अंतरावर सुरू होत होता. मधे सायकलवाल्याने काय करायचं? कागद गप्प होता.

सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सरळ रस्त्यावर गाडी बाजूने जाते तेव्हा जीव थोडा आखडतो, पण खरी भीती चौकात. आपण सरळ चाललोय, शेजारचा ट्रक आपल्या बाजूला वळतोय आणि त्याच्या आरशात आपण नाही. पादचाऱ्याचंही तेच. सिग्नल हिरवा म्हणून तो झेब्रावर उतरतो आणि वळणाऱ्या गाडीलाही त्याच वेळी हिरवा असतो. म्हणजे जिथे संरक्षण नसलं तरी कसंबसं निभतं तिथे ट्रॅक, आणि जिथे त्यावाचून चालणारच नाही तिथे मोकळं डांबर. "चौकात जागा लागते, वळणाऱ्या गाड्यांना जादा लेन द्यावी लागते," हे मला मिळालेलं उत्तर. प्रामाणिक होतं, पण त्यामुळे बरोबर ठरत नव्हतं.

मग मी वाचायला लागले. नेदरलँड्समधले चौक पाहिले, म्हणजे त्यांचे नकाशे. तिथे चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटं दगडी बेट असतं. वळणाऱ्या गाडीला त्याला वळसा घालून जावं लागतं, त्यामुळे वेग आपोआप उतरतो. सायकलवाला बेटाच्या आडोशाने गाड्यांच्या पुढे येऊन थांबतो, म्हणून तो चालकाला समोर दिसतो. आणि सायकलची ओलांडण्याची जागा मुख्य रस्त्यापासून साधारण एक गाडी उभी राहील इतकी आत घेतलेली असते. गाडी तिथे पोचेपर्यंत वळून जवळजवळ सरळ झालेली असते आणि चालकाला सायकल आरशात शोधावी लागत नाही, ती समोरच्या काचेतूनच दिसते. मला हे तीनदा वाचल्यावर कळलं. शेवटी टेबलावर काड्यापेट्या मांडून पाहिलं, तेव्हा लख्ख कळलं.

"ते लोक पहिल्यापासूनच सायकलवाले," हे वाक्य मला पुढच्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकावं लागलं की मी उत्तर पाठ करून टाकलं. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. त्यांचीही शहरं तेव्हा मोटारींसाठी मोकळी केली जात होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि मग कुठे रस्ते बदलायला लागले.

पहिल्या बैठकीत मी दोन मुद्दे घेऊन गेले. एक वेग, दुसरा कोपरा.

वेगाचं गणित फळ्यावर मांडलं. समोर अचानक कुणी आलं तर चालकाला ब्रेकवर पाय न्यायला एक सेकंद लागतो असं धरू. ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी त्या सेकंदात सव्वाआठ मीटर जाते, मग कोरड्या रस्त्यावर पाचेक मीटरमध्ये थांबते. एकूण तेरा मीटर. आता तीच गाडी ५० ने येऊ द्या. नुसत्या त्या एका सेकंदात ती जवळपास चौदा मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी ब्रेक लागण्याआधीच, पूर्ण वेगात पुढे जाते. दोन्ही चालक तितकेच सावध, दोघांचे डोळे सारखेच चांगले. आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ५० ची धडक ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट. खोलीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग ३० ची पाटी लावा ना, झालं."

पाटीने गाडी हळू होत नाही. साडेतीन मीटरची सरळसोट लेन चालकाला पळ म्हणत असते, तिथे पाटीचं कोण ऐकतो? ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्येच मुख्य रस्ते सोडून सगळ्या शहरात ३० ची मर्यादा आणली. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या, दोन्ही दिशांना एकेकच लेन असलेल्या रस्त्यांसाठी देशभर तो नियम केला. पण मर्यादा टिकायची तर रस्त्याचा आकारही तेच सांगणारा हवा. आमच्या प्लॅनमध्ये चार लेन होत्या, प्रत्येकी साडेतीन मीटर. त्या तीन मीटरच्या केल्या तर दोन मीटर सुटतात, म्हणजे एका बाजूचा सायकल ट्रॅक फुकटात निघतो. तरुण अभियंत्याने वहीत काहीतरी लिहिलं. त्याचे वरिष्ठ खिडकीबाहेर बघत होते.

कोपऱ्याचा मुद्दा मात्र बैठकीत कुणाला पटेना, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. प्लॅनमध्ये कोपऱ्याची त्रिज्या बारा मीटर होती. कोपरा जितका गोलाकार तितकी गाडी वेग न उतरवता वळते, आणि पादचाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. म्हणून एका रविवारी पहाटे आम्ही सहा जण दोरी आणि खडू घेऊन गेलो. एक जण केंद्रावर उभा, दुसरा दोरी ताणून फिरतो. शाळेतला कंपास, फक्त मोठा. बारा मीटरचा चाप काढला, मग पाच मीटरचा. उजाडल्यावर अभियंत्यांना बोलावलं. दोन चापांमधली जागा इतकी मोठी होती की तिथे चार-पाच माणसं ऐसपैस उभी राहून सिग्नलची वाट बघू शकली असती. ती सगळी जागा गाड्यांनी वेगात वळावं म्हणून राखलेली.

"आणि अग्निशमनची गाडी? ती पाच मीटरच्या कोपऱ्यात वळणार कशी?" हा प्रश्न वरिष्ठांनी विचारला आणि तो रास्त होता. उत्तर असं की कोपरा दोन टप्प्यांचा करायचा. आतला कर्ब, म्हणजे फूटपाथची उंच कड, मोठ्या गोलाईचा, आणि त्याच्या बाहेर पाच मीटरच्या चापापर्यंत खडबडीत दगडाचा, जरासाच उंच असा पट्टा. मोठ्या गाडीची चाकं त्यावरून जाऊ शकतात, पण मोटारवाला खडखडाट नको म्हणून तो टाळतो आणि हळू वळतो. अग्निशमन दलाची एक गाडी खडूच्या रेघांवरून प्रत्यक्ष वळवून पाहिली. वळली. त्या दिवसानंतर वरिष्ठ खिडकीबाहेर बघायचे थांबले.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल.

मी सगळीकडे उंच झेब्रा मागितले होते, म्हणजे फूटपाथच्या पातळीत उचललेलं क्रॉसिंग. गाडीने चढून उतरायचं, माणसाने सपाट चालायचं. चाकाची खुर्ची, बाबागाडी, गुडघे दुखणारी आजी, सगळ्यांची सोय. मला त्याचा फार अभिमान होता. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, दृष्टी पूर्ण गेलेल्या काकांना मी तो उत्साहाने समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाळ, पायरी उतरलो की मला कळतं, आता गाड्यांचा मुलूख सुरू झाला. तू ती पायरीच काढून टाकतेयस."

मी गप्पच बसले. इतके महिने मी 'पादचारी' म्हणत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर डोळस पादचारीच होता. आणि एवढंच नव्हतं. जिथे जागा कमी पडत होती तिथे मी बेलाशक 'फूटपाथवरच सायकल आणि चालणारे एकत्र' असं सुचवलं होतं. काकांना सायकल ऐकू येत नाही. ती अंगावर येईपर्यंत त्यांच्यासाठी ती नसतेच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर पूर्ण रस्ता चालले, डोळ्यांवर रुमाल बांधून, त्यांचा दंड धरून. दोनशे मीटरला पाऊण तास लागला असेल. उंच झेब्रा ठेवायचे, पण प्रत्येकाच्या तोंडाशी, फूटपाथच्या पूर्ण रुंदीभर ठिपक्यांच्या फरशा हव्यात, हे त्या चालण्यातून ठरलं. या फरशा १९६५ मध्ये जपानमध्ये सेइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा. ही एक लिपी आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती नक्षी समजून बसवली जाते. काकांनी एका जुन्या फूटपाथवर दाखवलं, पट्ट्या थेट झाडाच्या बुंध्याशी जाऊन संपल्या होत्या. "मी पाळलं तर झाडावर चढायला पाहिजे," ते म्हणाले.

एकत्र फूटपाथची सूचना मी लेखी मागे घेतली. सायकलवाल्या दोस्तांपैकी दोघे त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुकानदारांची बैठक झाली, आवाज चढले, पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल वगैरे. त्यात नवीन काही नव्हतं. थोडं पार्किंग ठेवलं, पण ट्रॅकच्या बाहेर, म्हणजे फूटपाथ, मग ट्रॅक, मग उभ्या गाड्या, मग वाहती लेन असं. ट्रॅक आणि उभ्या गाडीमध्ये एक मीटर मोकळा ठेवायला लावला, नाहीतर कुणी दार उघडलं की सायकलवाला त्यावर आदळतो. आणि झेब्राच्या आधीच्या पाच-सहा मीटरमध्ये एकही गाडी उभी नको. उभ्या जीपमागून बाहेर पडणारं लहान मूल चालकाला दिसत नाही आणि मुलालाही गाडी दिसत नाही.

मग चाचणी. पक्कं बांधण्याआधी तीन आठवडे रंग, कोन आणि प्लास्टिकचे खांब लावून रस्ता नवीन मापात वापरून बघायचा, ही कल्पना तरुण अभियंत्याची. यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी राहीन, कारण पहिल्याच सकाळी बसथांबा फसला. बस ट्रॅकवर चढून थांबू लागली आणि उतरणारी माणसं थेट सायकलींसमोर. कागदावर हे कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही. शेवटी ट्रॅक थांब्याच्या मागून वळवला, थांब्याचं बेट केलं आणि बेटाकडे जायच्या जागी ट्रॅकवरच छोटा उंच झेब्रा दिला. तिथे थांबायचं सायकलने. काही थांबतात.

प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर मी रोज जाता-येता बघत होते. पावसाळी पाण्याच्या जाळ्या सायकलच्या दिशेत बसवायला सुरुवात झाली तेव्हा मी ठेकेदाराच्या मुकादमाला माझ्या कोपरावरचा व्रण दाखवला. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेत असल्या की पुढचं चाक आत जातं आणि आपण हँडलवरून पुढे. त्याने दुपारपर्यंत सगळ्या आडव्या फिरवल्या. ना अर्ज ना बैठक.

सिग्नलची वेळ अजून मनासारखी नाही. बारा मीटर डांबर ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर या वेगाने दहा सेकंद लागतात, आणि तेवढेच दिलेत. काठी टेकत चालणारा माणूस ०.८ ने चालतो, त्याला पंधरा लागतात. मधल्या बेटावर तो थांबू शकतो, पण दर वेळी का थांबावं? गाड्यांना हिरवा मिळण्याआधी पादचाऱ्यांना चार-पाच सेकंद आगाऊ द्या अशीही मागणी केली आहे, म्हणजे वळणारी गाडी निघेपर्यंत माणूस झेब्राच्या मधोमध, डोळ्यांसमोर असेल. सिग्नल दुसऱ्या खात्याकडे आहे. फाइल तिकडे गेली आहे.

रस्ता खुला झाला त्या आठवड्यात काकांना घेऊन गेले. पहिला उंच झेब्रा त्यांनी काठीने चाचपून, न विचारता ओलांडला. दुसराही. तिसऱ्याकडे जाताना ठिपके काठीला लागले, ते थांबले, बरोबर थांबले, आणि एक पाऊल पुढे टाकल्यावर काठी ठण्णकन वाजली. फरश्यांच्या अगदी मधोमध नवाकोरा लोखंडी खांब. आदल्या दिवशी तो तिथे नव्हता.

"लिहून घे," काका म्हणाले. "आणि कसला खांब आहे तेही लिही."

मी मान वर करून पाहिलं. निळ्या गोलात पांढरी सायकल.

"सायकल ट्रॅकची पाटी आहे, काका."

ते इतके हसले की त्यांना खांबाचाच आधार घ्यावा लागला. मी वही काढली.